खिंडीतला थांबा

मुलांनो, गोष्टीला हात घालण्यापूर्वी एका शब्दाची नीट ओळख करून घेऊ. शब्द आहे ‘मागणी’. पुष्कळ जण मागणी आणि आवड यांना एकच समजतात. मोराचा पिसारा आवडत नाही असा प्राणी रानात सापडायचा नाही. पण मोराकडे जाऊन, ‘मला असा एक पिसारा द्या, मी तो पावसात सांभाळीन, काट्याकुट्यांतून ओढत नेईन,’ असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. आवड लांबून करता येते. मागणी होण्यासाठी मात्र वस्तू घरी नेल्यावर तिच्यासह सुखाने नांदता येईल असा भरवसा लागतो. हा भरवसा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून भलेभले त्याचा हिशेब धरायचे विसरतात. तशीच एक खारही विसरली होती.

ही खार दोन डोंगरांच्या मधल्या अरण्यात राहत असे. अरण्यातल्या प्राण्यांना घाट चढून, खिंड ओलांडून, पलीकडच्या कुरणात वरचेवर जावे लागे, आणि त्यासाठी सगळे पेट्रोलच्या गाड्या वापरत. या गाड्या एक अस्वल विकत असे. गाड्या दणकट होत्या, पण त्यांच्या धुराने वाटेवरच्या करवंदीच्या जाळ्या काळ्या पडल्या होत्या आणि आवाजाने घुबडांची दिवसाची झोप मोडत असे. खारीने पुष्कळ विचार करून विजेवर चालणारी गाडी घडवली. ओढ्यात पाण्याचे चाक फिरे, चाकातून वीज निघे, ती गाडीच्या बॅटरीत भरली की गाडी पानावरून वारा जावा तशी निघे. धूर नाही, आवाज नाही.

एक गाडी तयार झाल्यावर खारीला प्रश्न पडला, की आणखी घडवाव्यात की नाही. तेव्हा कोल्हा तिच्याकडे आला. बाजाराचे भाकीत करणे हा त्याचा व्यवसाय होता. “खारूताई, अंदाजावर कशाला राहता?” तो म्हणाला. “आपण सगळ्यांना विचारूनच घेऊ. उद्या पाणवठ्यावर या.”

त्या अरण्यात होकार द्यायचा तो शेपटी वर करून, अशी रीत होती. दुसऱ्या दिवशी सगळे पाणी प्यायला जमले असताना कोल्ह्याने मोठ्याने विचारले, “विजेची गाडी कोणाकोणाला आवडते?” बघता बघता काठावर शेपट्यांचे रान उभे राहिले. सांबरांनी शेपटी वर केली, माकडांनी केली, रानडुकरीण तर शेपटी वर करून वर आणखी म्हणाली, “फारच गोड गाडी आहे.” अस्वलाच्या शेपटीचे मात्र काही कळले नाही, कारण ती मुळातच इतकी तोकडी की वर आहे की खाली हे त्याच्या आईलाही सांगता आले नसते.

“झाले,” कोल्हा म्हणाला. “पुढच्या पानगळीला या रानात पेट्रोलचे नाव घेणारा उरणार नाही. लिहून ठेवा.”

खारीचा ऊर भरून आला. ढोलीत वर्षानुवर्षे जपून ठेवलेले सुके लाकूड तिने बाहेर काढले, पावसाळाभर खपून गाड्या घडवल्या, आणि पाऊस उघडताच जांभळीखालच्या बाजारातला आपला ओटा त्यांनी भरून टाकला. हा ओटा तिच्या आजीपासून चालत आलेला होता. बाजाराचा नियम मात्र नात्यागोत्याला ओळखणारा नव्हता: ओट्यांवर झुकलेल्या पळसाचे पहिले फूल जमिनीवर पडेपर्यंत ज्याच्या ओट्यावरून एकही वस्तू गेली नाही, त्याने ओटा दुसऱ्यासाठी रिकामा करायचा.

गिऱ्हाइके आली. त्यांनी गाड्यांवरून हात फिरवला, आत बसून पाहिले, पिल्लांना बसवून पाहिले. “आवाज म्हणून नाही हो,” म्हणाली. “छान, छान,” म्हणाली. आणि समोरच्या ओट्यावर जाऊन अस्वलाकडून पेट्रोलची गाडी घेऊन गेली. असे रोज होऊ लागले. खारीची शेपटी काळजीने जी ताठ झाली ती झोपेतही खाली येईना, आणि येणारे जाणारे समजत की ही बया सदा आनंदात दिसते.

पळसाला कळ्या धरल्या तेव्हा ती कोल्ह्याकडे गेली. कोल्ह्याने डोळे मिटून विचार केला. “रंग बदलून बघा. नाही तर पुन्हा शेपट्या वर करायला लावू.”

“शेपट्या वर झाल्याच होत्या की, कोल्हेबुवा. गाड्या कुठे गेल्या?”

“मी शेपट्यांचे सांगितले होते,” कोल्हा म्हणाला. “गाड्यांचे कोण कधी सांगू शकले आहे?” आणि त्याच दुपारी अस्वलाच्या ओट्याशी उभा राहून तो, विजेच्या गाडीला भविष्य नाही, असे सांगताना दिसला.

खारीने मग एक साधी गोष्ट केली, जी तिने आधीच करायला हवी होती. सर्वांत जास्त कौतुक जिने केले होते, त्या रानडुकरिणीच्या दारात ती जाऊन उभी राहिली. रानडुकरीण पिल्लांना चिखलात लोळवत होती.

“मावशी, तुम्ही गाडी पेट्रोलची घेतलीत. माझी का नाही घेतली?”

“अगं, तुझीही चांगलीच आहे.”

“चांगली आहे हे तुम्ही पाणवठ्यावरही म्हणालात.”

“मग काय म्हणणार?” रानडुकरीण म्हणाली. “पाणवठ्यावर कुणाचं मन मोडायचं नाही, ही आपली पूर्वापारची चाल. तिथे वाघसुद्धा हरणाला ‘कसं काय, बरं आहे ना?’ विचारतो. तू तिथे येऊन विचारलंस, मी नाही कशी म्हणू?”

जन्मभर त्या पाणवठ्याचे पाणी प्यालेली ही खार. ही चाल तिला ठाऊक नव्हती असे नाही. पण हवे ते उत्तर समोर आले की ते कुठे उभे राहून मिळाले हे कोण बघतो?

“मग इथे म्हणा,” ती म्हणाली. “हा चिखल आहे, पाणवठा नाही.”

रानडुकरिणीने तिच्याकडे नीट पाहिले. “राग मानू नकोस. तुझी गाडी एका भरण्यात कुठवर जाते?”

“खिंड चढून पलीकडच्या कुरणापर्यंत. जेमतेम.”

“हेच. जेमतेम ह्या शब्दावर मी माझी पिल्लं बसवत नाही. उतारावर करवंदीत बिबट्या बसलेला असतो. तिथे तुझी गाडी बंद पडली, तर मी त्याला काय, गाडी आवाज करत नाही म्हणून सांगू? पेट्रोलची खोकते, धूर ओकते, पण कुठे थांबावं तर लागत नाही.”

खारीने विचारले, “उद्या कुरणात जाणार आहात ना? मला न्याल बरोबर?”

“ये की. तू काही जागा अडवायची नाहीस.”

सकाळी सगळी निघाली. पिल्ले एकमेकांच्या अंगावर, खार खिडकीशी, आणि गाडी खोकत घाट चढू लागली. खिंड जवळ येताच गाडीच्या नाकातून वाफ निघू लागली. रानडुकरिणीला त्याचे काही वाटले नाही. तिने गाडी नेहमीच्या सवयीने उंबराखाली उभी केली, बोनेट उघडले आणि झऱ्याचे पाणी आणून आत ओतले. शेजारी सांबरांची गाडी तशीच उघडी उभी होती, पलीकडे माकडांची. इंजिन निवेपर्यंत पिल्लांनी उंबरे वेचली, सांबरीण आणि रानडुकरीण यांनी रानातल्या साऱ्या लग्नांचा समाचार घेतला, अस्वलाने झऱ्याशी ठेवलेला मध सर्वांनी चाखला. उंबराची सावली काळ्या कातळावरून पार झऱ्याच्या काठापर्यंत सरकली, तेव्हा कुठे रानडुकरीण उठली.

“मावशी,” खार हळूच म्हणाली, “आपण थांबलो की.”

“कुठे?”

“इथे. आता.”

“हे कुठे थांबणं?” रानडुकरीण हसली. “ही खिंड आहे. खिंडीत सगळेच थांबतात.”

त्या क्षणी खारीला आपल्या गाडीत काय उणे होते ते दिसले. ते गाडीत नव्हतेच. ते या उंबराखाली होते.

पण झरा अस्वलाच्या राखणीत होता. घाटात गाड्या तापतात म्हणून त्यानेच तो बांधून काढला होता. ज्याचे गिऱ्हाईक ओढायचे त्याच्याच दारात जाऊन जागा मागायची, हे खारीला अवघड वाटले. तरी ती गेली, कारण पळसाच्या कळ्या आता उमलू लागल्या होत्या. तिने काही न लपवता सारे सांगितले: झऱ्याच्या धारेवर एक छोटे चाक बसवीन, उंबराशी वीज भरायचा खांब रोवीन, लोक नाही तरी बसतातच, तेवढ्यात गाडी भरून होईल.

अस्वलाने पंजा चाटून पुसला.

“खारूताई,” ते म्हणाले, “त्या दिवशी पाणवठ्यावर माझीही शेपटी वर होती.”

“दिसली नाही, दादा.”

“कुणालाच दिसत नाही. ते असो. कोल्हा म्हणाला, पुढच्या पानगळीला पेट्रोलचं नाव उरणार नाही, तेव्हापासून मला मध गोड लागेनासा झालाय. परवा तोच माझ्याकडे येऊन म्हणाला, विजेचं नाव उरणार नाही. म्हणून म्हटलं, आपल्या दोघांपैकी कुणीतरी उरेल की नाही?”

खारीला हसू आले. कितीतरी दिवसांनी आले.

“मला एक सांग,” अस्वल म्हणाले. “तुझ्या गाडीवाले खिंडीत बसले तर उंबरं खातील का?”

“खातील.”

“मध चाखतील?”

“चाखल्याशिवाय राहायचे नाहीत.”

“मग खांब रोव. सावलीला काय ठाऊक, तिच्याखालची गाडी काय पिते ते. आणि त्या तिकडच्या दूरच्या डोंगरांत, जिथे ना झरा ना चाक, तिथे गवे लाकूड वाहतात. ते माझ्याकडेच येणार. मला तेवढं पुरे आहे.”

चाक बसले, खांब उभा राहिला. पण बाजारात येऊन खारीने त्याची दवंडी पिटली नाही. ती रानडुकरिणीकडे गेली आणि म्हणाली, “मावशी, उद्या माझ्या गाडीतून कुरणात चला. घेऊ नका, नुसत्या चला.” तोवर पळस पेटल्यासारखा फुलला होता, आणि बाजारातले शहाणे लोक खारीच्या ओट्याची लांबीरुंदी डोळ्यांनी मोजू लागले होते.

गाडी घाटाला लागली. आवाज नसल्याने पिल्लांना पाखरे ऐकू येऊ लागली आणि ती मोठ्यांदा पाखरांची नक्कल करू लागली, त्यामुळे शांतता अशी काही राहिली नाही. खारीचे लक्ष मात्र बॅटरीत किती वीज उरली हे दाखवणाऱ्या समोरच्या काट्यावर होते. काटा खाली खाली येत होता. रानडुकरिणीचेही लक्ष तिथेच होते, आणि ती आज काहीच गोड बोलत नव्हती. काटा निम्म्याखाली गेला तेव्हा तिने सर्वांत धाकट्या पिल्लाला कुशीत ओढून घेतले. खारीने ते पाहिले.

वळण संपले, उंबर दिसला. गाडी सावलीत उभी राहिली. खारीने खांबाची तार गाडीला लावली. बोनेट उघडायचे नव्हते, पाणी आणायचे नव्हते. रानडुकरीण क्षणभर रिकाम्या हातांनी उभी राहिली, मग सवयीने सांबरिणीशेजारी जाऊन बसली. उंबरे वेचली गेली, मध चाखला गेला, लग्ने पुन्हा चर्चेला आली. सावली झऱ्याच्या काठाशी पोहोचली तेव्हा रानडुकरीण उठली आणि काट्यापाशी येऊन वाकून पाहू लागली. काटा पुरता वर चढला होता.

ती कुरणात गेली, पोटभर कंद उकरून आली, परतताना पुन्हा उंबराखाली बसली, आणि उन्हे कलताना बाजारात पोहोचली. वाटेत एकदाही ‘छान’ म्हणाली नाही. खारीच्या ओट्यापुढे उतरून तिने गाड्यांच्या रांगेकडे पाहिले.

“यातली माझी कुठली?” तिने विचारले.

खारीने कडेची तांबडी गाडी दाखवली. रानडुकरीण पिल्लांना आत कोंबू लागली, आणि पहिले पळसफूल त्याच सुमारास पडले. पण ते त्या तांबड्या गाडीच्या टपावर पडले, जमिनीवर नव्हे, आणि गाडीबरोबरच ओट्यावरून गेले. खार ओट्याच्या कडेला बसली. पावसाळा सरल्यापासून ताठ असलेली तिची शेपटी सावकाश खाली आली आणि दगडावर पसरली. समोरच्या ओट्यावरून अस्वलाने मान हलवली. तेही आज मध चाटत होते, आणि तो त्याला गोड लागत असावा.

पुढे सांबरांनी विजेची गाडी घेतली, माकडांनी भांडून दोन घेतल्या. गवे अस्वलाकडेच जात राहिले. कोल्हा सर्वांना सांगत फिरला की आपण हे आधीच सांगितले होते, आणि ते खरेही होते, कारण त्याने सगळेच सांगितले होते.

ही गोष्ट सांगताना पुष्कळ जण शेवटी घाटात शर्यत लावतात. पेट्रोलची गाडी तापून वाटेत अडकली, विजेची पुढे निघून गेली, आणि अस्वल रान सोडून पळाले, असे ते सांगतात. ते बरोबर नाही. शर्यत झालीच नाही. अस्वल आजही झऱ्याशी बसते, आणि ज्या सावलीत त्याच्या गाड्या निवतात, त्याच सावलीत खारीच्या गाड्या भरतात. शर्यत लावणारा तीच चूक करतो, जी कोल्ह्याने केली: कोल्ह्याने शेपट्या पाहिल्या, हा गाड्या पाहतो, गाडीत बसणारीकडे कोणीच बघत नाही.

तात्पर्य एवढेच : आवड विचारून कळते, मागणी कळण्यासाठी घेणाऱ्याच्या शेजारी बसून त्याची वाट चालावी लागते, आणि तो भितो कुठे व थांबतो कुठे, हे पाहावे लागते.