बगळ्याचा काळा पाय

नदी आपल्या पाणथळींची विचारपूस करायची, तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याआधी तिचा बगळा प्रत्येक पाणथळीत पाय रोवून गाळ तपासायचा. जी आजारी निघेल, तिला धुवायला नदी पहिला पूर तिकडे वळवायची.

एका आजारी पाणथळीतल्या बेडकांना तिच्या आजाराची लाज वाटली. त्यांनी बगळ्याला झऱ्याजवळच्या स्वच्छ वाळूत उभं केलं.

“ठणठणीत आहे,” म्हणत बगळा निघाला, तोच खेकडा ओरडला, “दादा, माझ्या बिळापाशी पाय रोवा!”

“गप रे, फितुरा!” बेडूक खेकसले.

बिळापाशी रोवलेला पाय काळाकुट्ट, कुजका वास घेऊन वर आला.

बगळ्याने विचारलं, “मी खेकडे खातो, ठाऊक आहे ना?”

“आहे. पण या गाळात माझी पिल्लं रोज मरताहेत.”

बगळ्याने चोच उघडली. खेकड्याने डोळे आत ओढले.

बगळ्याने नदीला हाक मारली.