वीणा खाली ठेवू नकोस!

बालाघाटाच्या डोंगरात आडगव्हाण नावाचे गाव आहे. तेथल्या मारुतीच्या देवळात निवांतनाथ महाराज राहत असत. नाव निवांतनाथ, पण स्वभाव असा की नैवेद्याला जरा उशीर झाला तरी सारे देऊळ दणाणून सोडीत. "मी कुठे रागावतो? तुम्ही ऐकत नाही, म्हणून ओरडावे लागते," असे महाराज म्हणत. आणि भक्तहो, या कथेतली माणसे पाहिली की महाराजांचेच खरे वाटते.

गावात अंबादास कासार नावाचा बांगड्या भरणारा एक भक्त होता. महाराजांचे चरित्र ओव्यांत लिहायचे त्याने मनावर घेतले होते. पण घरी बसून त्याला एक अक्षर सुचत नसे. दर श्रावणात देवळात नामसप्ताह बसे. सप्ताहात वीणा अखंड वाजती ठेवायची असते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, पण भुईला टेकवायची नाही. त्या वीणेकऱ्याच्या पायाशी, खांबाला टेकून अंबादास बसे, आणि मग त्याचा बोरू पळू लागे. सारी पोथी अशी सप्ताहासप्ताहाने झाली होती. यंदा शेवटचा अध्याय तेवढा राहिला होता. तो काल्याच्या कीर्तनाआधी वाचायचा, असे गावाने ठरवले होते.

सप्ताहाची व्यवस्था वेंकटेशशास्त्र्यांकडे होती. शास्त्री विद्वान, यात वाद नाही. पण विद्वत्ता पचायलाही पोट लागते ना! पहिल्याच दिवशी त्यांनी ज्यांचे उच्चार शुद्ध नाहीत अशा सगळ्या वीणेकऱ्यांना घरी पाठवले. मग त्यांची नजर खांबाशी गेली.

"अंबादास, हे काय मांडले आहेस?"

"शेवटचा अध्याय लिहितोय, शास्त्रीबुवा."

"इथे, या गोंगाटात? अरे, काव्याला एकांत लागतो. तुझ्या ओवीला वीणेच्या कुबड्या कशाला?" जमलेली मंडळी हसली. "घरी जा आणि लिही. काल्यापर्यंत अध्याय झाला नाही, तर मी रचलेले स्तोत्र वाचू. आणि अपुरी पोथी घरात ठेवू नये. ती नदीत सोडून दे."

काय म्हणावे या माणसाला! स्तोत्र रचताना हेच शास्त्री मांडीवर ताल धरत. तो कुणाला दिसला नाही, बिचाऱ्या अंबादासाची वीणा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत खुपली. आणि अंबादासही असा भोळा की दौत उचलून मुकाट्याने घरी गेला. अरे, एक शब्द तरी बोलायचास!

घरी त्याने दार लावले, बोरू धरला. काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. कासार आळी देवळापासून दूर, तिथे वीणेचा सूर पोचत नव्हता. सप्ताह संपत आला तेव्हा तो रडकुंडीला येऊन महाराजांकडे गेला.

"महाराज, पोथी बुडणार."

"मग मी काय करू? ओव्या मी लिहू?" महाराज खेकसले. "ती वीणा तुला शब्द सांगते काय रे?"

"नाही, महाराज. ती नुसती वाजत असते. पण ती वाजत असली की मन घाबरत नाही. एक ओवी संपली तरी सूर संपलेला नसतो, मग पुढची ओवी आपोआप येते."

महाराजांचे डोळे भरून आले. मग पुन्हा ओरडले, "हे त्या शास्त्र्याला सांगायचेस, मला काय सांगतोस! उद्या सकाळी बोरू घेऊन घरीच बस. वीणा येईल तिथे."

काल्याच्या दिवशी पहाटे शास्त्र्यांनी स्वतः वीणा घेतली. त्यांच्यानंतर यायचा तो वीणेकरी तापाने फणफणला. दुसरा कोण येणार? बाकीच्यांना यांनीच घरी धाडलेले! गाव महाप्रसादाच्या चुलींपाशी अडकलेला. वीणा टेकवता येईना आणि शास्त्र्यांना उभे राहवेना. ऊन अंगणात आले तशी त्यांची मान लवंडली, बोटे तारेवरून सुटली.

वीणा मात्र वाजतच राहिली! शास्त्री दचकून जागे झाले. पाठीमागून कुणीतरी आपल्याला सावरून धरले आहे, असे त्यांना स्पष्ट जाणवले. त्यांनी वळून पाहिले, तर मागे कुणी नाही. समोर महाराज घोंगडीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. शास्त्र्यांनी घाईघाईने तार छेडायला घेतली आणि झाला प्रकार मनातच ठेवला.

त्याच वेळी कासार आळीत, बंद दाराआड, अंबादासाच्या कानाशी वीणा वाजू लागली होती. त्याला आश्चर्यही वाटले नाही. तो लिहीत सुटला.

काल्याला लोक जमले तेव्हा ओल्या शाईची पाने घेऊन अंबादास धावत आला. शास्त्री अजून वीणा गळ्यात घेऊन उभेच होते. वाचन सुरू झाले, आणि शेवटची ओवी आली:

वीणेकऱ्याचा हात थकला । स्वामी पाठीशी उभा राहिला ।
त्याने तारेला हात लाविला । सूर खंडला नाही ॥

शास्त्र्यांचा चेहरा उतरला. आपली बोटे सुटली होती, हे त्यांच्याखेरीज गावात कुणाला ठाऊक होते? "अंबादास, तुला कुणी सांगितले हे?"

"कुणी नाही, शास्त्रीबुवा. वीणा वाजत होती, तसे लिहीत गेलो. तो वीणेकरी कोण, मलाही ठाऊक नाही."

"मी! तो मी रे!" शास्त्री भर मंडपात हुंदका देऊन म्हणाले. "ज्या साथीला मी कुबड्या म्हणालो, त्या साथीवाचून मला दोन प्रहर उभे राहता आले नाही!" आणि अंबादासाचे पाय धरायला ते खाली वाकले.

"अरे, वीणा खाली ठेवू नकोस!" महाराज गरजले. "इतके शिकलास, एवढे कळत नाही?"

अंबादासाने पुढे होऊन शास्त्र्यांच्या गळ्यातली वीणा आपल्या गळ्यात घेतली आणि तार छेडली. तेव्हा कुठे शास्त्री मोकळे झाले, आणि ज्या खांबाशी अंबादास बसत असे, तिथेच त्यांनी त्याच्या पायांवर डोके ठेवले.