खाडीवरच्या दोन होड्या

फार वर्षांमागे, खाडीवर पूल नव्हता तेव्हा, जाखाई नावाची होडी माणसं पलीकडे पोहोचवायची. बारा वर्षांत तिनं एक दिवसही खाडा केला नव्हता, आणि त्याचा तिला मोठा अभिमान होता. शेजारी सुरंगी ही धाकटी होडी बांधलेली असे. खाडीतले वाळूचे पट्टे रोज सरकत. दिवसभरात दिसलेलं सगळं जाखाई संध्याकाळी सुरंगीला सांगे.

एकदा सुतारानं जाखाईचा तळ ठोकून पाहिला. "फळ्या कुजल्यात. आताच बदलायला हव्यात."

"मी थांबले तर लोकांचं कसं होईल?" जाखाई कासावीस झाली.

"आक्का, तू सांगितलेलं सगळं माझ्यापाशी आहे," सुरंगी म्हणाली.

जाखाईला ओढून काठावर घेतलं. त्याच सकाळी पलीकडच्या वाडीत एक बाई अडली. सुईण धावत धक्क्यावर आली आणि समोरच्या होडीत बसली. आदल्याच दिवशी सरकलेला पट्टा टाळून सुरंगीनं तिला वेळेत पोहोचवलं. दुपारी बाळाची बातमी आली. होडी बदलली होती, हे सुईणीच्या ध्यानातही आलं नव्हतं. जाखाईला आधी जरा लागलं, मग तिचा ऊर अभिमानानं भरून आला.

आठव्या दिवशी नव्या तळाची जाखाई पाण्यात उतरली. सुरंगीनं तिला आठ दिवसांतलं सगळं सांगितलं.

"आता तू काठावर जा. तुझ्याही फळ्या तपासून घेऊ," जाखाई म्हणाली.

"लोकांना कळेल?"

"कळू नये, म्हणूनच तर आपण दोघी आहोत," जाखाई ताठ मानेनं म्हणाली.