आक्कांचं स्टूल

"मग यातला कुठला घेऊ, आक्का?"

शार्दूलनं विचारलं खरं, पण उत्तर तो घरूनच ठरवून आला होता. आक्कांनी फक्त मान डोलवायची, एवढंच त्यानं त्यांच्यासाठी शिल्लक ठेवलं होतं.

शेवंताआक्का आपल्या घरी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी टेबलाकडं पाहिलं. तिथं दोन कॉम्प्युटर मांडले होते. एक करड्या रंगाचा जुना सीपीयू, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. दुसरा नवाकोरा, काळा, तळहातावर मावेल एवढा. दोन्ही त्याच्या बजेटात बसत होते. दुकानदारानं दोन्ही एक दिवस वापरून बघायला दिले होते, आणि उद्या संध्याकाळी शार्दूलचं पहिलं लाइव्ह होतं. जुने व्हिडिओ गेम तो खेळणार आणि लोक घरबसल्या बघणार.

गडहिंग्लजात टॉकीजशेजारी आक्कांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथं नियम एकच. खेळात मेला त्यानं उठायचं, आणि उठताना पुढच्यासाठी स्टूल हातानं पुसायचं. आमदाराचा पोरगा असला तरी त्याला ते चुकलं नाही.

दुकान बंद झालं तेव्हा आक्कांनी एक मशीन आणि एक स्टूल घरी आणलं. त्या मशीनवर शार्दूल त्यांच्या हाताखाली शिकला. गेल्या साली मशीननं जीव सोडला. स्टूल राहिलं.

शार्दूलला उद्या लाइव्हच्या वर लिहायचं होतं, 'शेवंताआक्कांचा चेला'. हे नाव आक्कांनी आजवर कुणालाच लावू दिलं नव्हतं. भल्याभल्यांनी मागून पाहिलं होतं.

"दोन्हीवर खेळ चालतो?" आक्कांनी विचारलं.

"पळतो, आक्का."

"लोकांस्नी दिसतो?"

"दोन्हीवर दिसतो."

"मग फरक काय?"

याच प्रश्नाची तो वाट बघत होता. स्टूल पुढं ओढून तो बसला, नवा कॉम्प्युटर लावला, आणि आक्कांच्या मशीनवरचा तो ओळखीचा विमानाचा खेळ सुरू केला. तोच आवाज, तेच फिकट निळं आभाळ. आक्कांचा शेंग फोडणारा हात जरा थांबला.

"आता बघा हं."

पहिले टप्पे त्यानं हसत हसत पार केले. मग किल्ल्याचा दरवाजा आला. याच दरवाज्यापाशी अख्खा तालुका मेला होता. तो ओलांडलेलं माणूस एकच, आणि ते समोर शेंगा फोडत बसलं होतं.

शार्दूलचं विमान फुटलं.

त्यानं अंगठ्यानं एक बटण दाबून धरलं. विखुरलेले तुकडे परत जुळले, गोळ्या उलट्या तोफेत शिरल्या, आणि विमान साबूत होऊन मागं आलं.

"रिवाइंड," तो म्हणाला. "मेलं की मागं घ्यायचं."

विमान पुन्हा फुटलं, पुन्हा मागं आलं. असं होता होता दरवाजा पडला, किल्ला पडला, आणि पडद्यावर खेळ संपल्याची अक्षरं नाचू लागली. शार्दूलची छाती शर्टात मावेना.

"जुन्यावर खेळ आणि लाइव्ह एवढंच झेपतं. त्यात रिवाइंड लावलं की चित्र अडकतं, म्हणून बंद ठेवावं लागतं. नव्यावर तिन्ही एकदम चालतात. आक्का, तुम्हाला हा दरवाजा ओलांडायला किती वेळ लागला होता?"

"दोन पावसाळे."

"मला अर्धा तास."

शेंगांचा आवाज तेवढा चालू राहिला...

"नाव लावू ना मग उद्या?"

"कुठं मेलास?"

"मेलोच नाही की, आक्का."

"मी बघितलं."

"ते मागं घेतलं."

"हं..."

आक्कांनी मांडीवरची टरफलं झाडली आणि उभ्या राहिल्या.

"ऊठ."

तो उठला. आक्का स्टुलाकडं बघत क्षणभर तशाच थांबल्या, मग बसल्या. त्यांनी खेळ पहिल्यापासून लावला.

हात आता पूर्वीचे नव्हते. तरी बसणं तेच होतं, पाठ ताठ आणि हनुवटी किंचित वर. हे बघून शार्दूलला आतून भरून आलं. ही आपली आक्का, उद्या हे सगळ्यांना सांगायचं, असं त्याच्या मनात आलं.

तिसऱ्या टप्प्यात आक्कांचं विमान फुटलं.

शार्दूल लगबगीनं पुढं वाकला. "हे दाबून धरा, आक्का. हे बटण."

आक्कांनी त्याचा हात हलकेच बाजूला केला. त्या उठल्या. तळहातानं स्टूल पुसलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मग बाजूला सरकून उभ्या राहिल्या.

"बस."

शार्दूलचे कान गरम झाले. मघाशी आपण उठलो तेव्हा स्टूल पुसलं नव्हतं, हे त्याला आत्ता कळलं. इतकी वर्षं हाताला असलेली सवय कुठं गेली, हेच त्याला समजेना.

"त्यो करडा लाव," आक्का म्हणाल्या. "उद्या जसं करणार तसंच. लाइव्ह सुदीक."

त्यानं जुना सीपीयू जोडला. तो घरघरला, विचार करून करून सुरू झाला. त्यानं चाचणीचं लाइव्ह लावलं आणि स्टुलावर बसला. बघायला अजून कुणी नव्हतं. पाठीमागं आक्का होत्या, तेवढ्यानंच त्याचे तळवे ओले झाले.

मघाशी हसत पार केलेल्या टप्प्यांत आता हसू येईना. प्रत्येक गोळी त्याला दिसत होती. श्वास कधी घ्यायचा हेही तो विसरला. तरीही त्याचे हात चांगले होते, आक्कांनीच घडवलेले. तो दरवाज्यापर्यंत पोहोचला. पहिली तोफ गेली, दुसरी गेली.

तिसरीनं विमान फोडलं.

अंगठा आपसूक बटणावर गेला. त्यानं दाबलं. पुन्हा दाबलं. तुकडे खाली पडत राहिले आणि पडदा काळा झाला.

तो बसून राहिला. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल आली आणि गेली...

त्याला राग आला होता, या डबड्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. पण त्या रागाखाली आणखी काहीतरी होतं. बटणाशिवाय आज तो तिसऱ्या तोफेपर्यंत गेला होता. तिथवर त्याला कुणी आणून सोडलं नव्हतं.

शार्दूल उठला. वाकून त्यानं हातानं स्टूल पुसलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बाजूला सरकला.

आक्का बसल्या नाहीत. त्यांनी शेंगदाण्यांची वाटी उचलून त्याच्यापुढं धरली. त्यानं मूठभर घेतले. दोघं उभ्या उभ्या दाणे खात राहिले, दुकानात गिऱ्हाईक नसलं की आक्का खायच्या तसे.

मग त्यानं नव्या काळ्या कॉम्प्युटरची वायर काढली, नीट गुंडाळली, आणि तो त्याच्या खोक्यात ठेवून खोकं बंद केलं. सकाळी दुकानदाराला परत द्यायचा होता. करडा सीपीयू टेबलावर घरघरत होता; तो न्यायला उद्या परत यायचं होतं.

नावाचं पुन्हा विचारायची त्याची हिंमत होईना. खोकं काखेत मारून तो उंबऱ्यापर्यंत गेला आणि वळला.

"आक्का... उद्या दरवाज्यापाशी मेलो तर? सगळ्यांच्या देखत उठावं लागंल."

आक्कांनी स्टूल उचलून त्याच्या हातात दिलं.

"मग नाव मोठ्या अक्षरात लाव माझं."