मैनेचं अंथरूण

फार जुनी गोष्ट. तेव्हा जनावरं, किडामुंगी सगळी बोलायची आणि माणसं कधीमधी ऐकायचीसुद्धा.

डोंगरापायथ्याच्या एका गावात येसू नावाची गवळण राहायची. तिची गाय एका कालवडीला जन्म देऊन मेली. येसूला मूलबाळ नव्हतं. तिने त्या पोरक्या कालवडीला पोटाशी धरलं, मैना म्हणून हाक मारली आणि गोठ्यात पेंढ्याचं मऊ अंथरूण घातलं. रोज संध्याकाळी त्यावर कोरडा पेंढा पडायचा, पण खालचा ओला मात्र निघायचा नाही. का, तर मैनेची झोपमोड होते!

नवरा म्हणायचा, "अगं, खाली शेणमुताचा चिखल झालाय. उपस तरी एकदा."

"हळू बोला की. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

बिचारा खोरं पुन्हा कोपऱ्यात ठेवायचा.

गोठ्यात माश्या घोंगावू लागल्या. मैनेच्या डोळ्यांना त्या चिकटून बसायच्या. येसू दिवसभर पदराने माश्या वारायची, पण डोळे सुजले, चिकट पाणी गळू लागलं. एक दिवस मैना समोरच्या खांबावर धडकली.

"मेल्यांनो, माझ्या लेकराचे डोळे घालवता!" म्हणत तिने हात उगारला.

तिच्या मनगटावर बसलेली म्हातारी माशी म्हणाली, "मारू नकोस, आई. आम्हीही तुझीच लेकरं."

"माझी?"

"अंथरुणाखाली बघ. ओल आहे, ऊब आहे, कुणी हलवत नाही. तिथेच आम्ही अंड्यातून निघालो, अळ्या होऊन वाढलो. वरून रोज पांघरूण तूच घातलंस."

येसूने पेंढा उचलला. खाली पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. ती ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिने मैनेला उठवलं. मैना हंबरली, अडून बसली, तरी तिला बाहेर नेलंच.

नवऱ्याने खोरं आणलं. दोघांनी सगळं उपसून उन्हात पातळ पसरलं. उन्हाने अळ्या सुकल्या, उरल्या त्या कोंबड्यांनी टिपल्या. पुढे रोज सकाळी अंथरूण निघू लागलं. मैना रोज कुरकुरायची आणि येसू रोज कोमट पाण्याने तिचे डोळे पुसायची.

हळूहळू माश्या विरळ झाल्या. एका सकाळी येसू आवाज न करता अंगणात उभी राहिली. मैनेने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि थेट धावत येऊन पदरात तोंड खुपसलं.

"दिसते गं मी तुला?" येसूने तिची मान कवटाळत विचारलं.

तात्पर्य: ज्या मायेने अंथरूण घालावं, त्याच मायेने ते उपसावंही.