मेल्पोची तहान

"मग मी कायरॉन झालो की नाही, तेवढं एकदा सांगून टाका."

अमरेंद्र पाटणकरनं सकाळपासून हे कितव्यांदा विचारलं, देव जाणे. रिसालदार मानाजी काटकर खोगिराचा पट्टा आवळत राहिले.

रिसालदार आमचे घोडेस्वारीचे गुरू. फलटणला त्यांची पागा. त्या वर्षी आम्हा तिघा शिष्यांना घेऊन ते ग्रीसला सुट्टीवर आले होते, पेलिअनच्या डोंगरातून समुद्रापर्यंत घोड्यावरून. त्यांचे हात आता थरथरायचे. परत गेल्यावर पागा कुणाच्या स्वाधीन करायची, ते या सफरीत ठरायचं होतं. अमरेंद्रनं ते आपल्यापुरतं ठरवूनही टाकलं होतं.

कायरॉन याच डोंगरातला. कमरेपासून वर माणूस, खाली घोडा, आणि मोठमोठ्या वीरांचा गुरू. ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. वाटेत जुना दगड दिसला की अमरेंद्र थांबणार, आणि पुराण सुरू. मी तर अगदी वैतागून गेले होते.

त्या सकाळी झऱ्यावर आम्ही घोड्यांना पाणी दाखवलं. आधी घोडा, मग स्वार, हा पागेचा नियम. रिसालदारांनी अमरेंद्रलाही सांगितलं. तो हो हो म्हणाला, स्वतःची बाटली भरून घेतली आणि मेल्पोला, म्हणजे त्याच्या घोडीला, वर कड्यावर नेऊन फोटो काढत बसला. पुढे वाटेत पाणी नव्हतं.

दुपारी किनारा लागला. मेल्पो लगाम हिसकत थेट लाटेत शिरली. खारं पाणी हुंगलं, फुरफुरली आणि मान फिरवून उभी राहिली.

अमरेंद्र खूश. पहिला घोडा समुद्रदेव पोसायडननंच घडवला, म्हणून पोरगी बापाच्या पाया पडायला धावली, असं त्यानं आम्हाला ऐकवलं. अरे बाबा, तिला तहान लागलीय... पण सांगणार कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

तो तिला बाहेर घेऊन आला, खाली उतरला आणि बाटली उघडली. तोंडाला लावणार, तोच रिसालदारांनी बाटलीवर हात ठेवला.

"कायरॉनला तोंडं किती?"

"एकच."

"हं... इथं दोन आहेत."

त्यांनी बाटली त्याच्या हातातून घेतली. आपली फेल्ट हॅट उलटी केली, सगळं पाणी तीत ओतलं आणि मेल्पोसमोर धरली. हात थरथरत होते, तरी थेंब सांडला नाही. घोडीनं एका दमात हॅट कोरडी केली.

अमरेंद्र सुकल्या ओठांनी बघत राहिला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

मग त्यानं हळूच विचारलं, "आणि... पागेचं?"

रिसालदारांनी हॅट झटकली, डोक्यावर ठेवली.

"तुझी तहान भागली की बोलू."