पापुद्र्याएवढी गाठ

“चेहऱ्याचं काय घेऊन बसलात डॉक्टर, या वयात कोण बघतंय? गाठ मुळासकट काढा.”

डॉक्टरांच्या खोलीच्या दाराशी आलेल्या नव्या सुनेच्या, ऋजुताच्या, कानावर हे पडलं. बोलत होते तिचे सासरे, भालचंद्रराव. त्यांची रोपवाटिका होती. तण असो की कुणाचं वेगळं मत, मुळासकट उपटायची त्यांना सवय.

डॉ. टिळेकर समजावत होते. गाठ कर्करोगाची नव्हती. कान आणि मेंदूच्या मधे, तोल सांभाळणाऱ्या नसेवर ती वाढली होती. चेहरा हलवणारी नस तिला चिकटून ताणली गेली होती. शेवटचा कण खरवडायला गेलं, तर अर्धा चेहरा कायमचा लुळा पडू शकतो.

“पडू दे. अर्धवट काम नको.”

गाठ होती कुमुदताईंना, म्हणजे ऋजुताच्या सासूबाईंना. त्या बाहेर बाकावर बसल्या होत्या. गाठीनं त्यांचा डावा कान गेला होता. घरच्यांनी उजवाही गेल्यात जमा धरला होता.

ऋजुता त्यांच्या उजवीकडे जाऊन बसली. सगळं सांगितलं आणि त्यांना काय हवंय, ते विचारलं. भालचंद्रराव औषधं आणायला गेले, तेव्हा कुमुदताई स्वतः आत गेल्या.

“डॉक्टर, मी बालवाडीत शिकवते. पोरं माझ्या तोंडाकडे बघून बोलायला शिकतात. माझे ओठच मिटले नाहीत, तर ती ‘मामा’ कसं म्हणणार? राहिली थोडी गाठ, तर राहू दे.”

डॉ. टिळेकर काही शिल्लक ठेवत नाहीत, असा त्यांचा लौकिक. ऑपरेशनच्या शेवटी चेहऱ्याच्या नसेवर पापुद्र्याएवढी गाठ उरली. तिला धक्का लागला की नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र कुरकुरायचं. एक ओढ दिली असती, तर लौकिक शाबूत राहिला असता.

त्यांनी हात मागे घेतला.

बाहेर येऊन ते म्हणाले, “नस वाचली. थोडी गाठ मुद्दाम ठेवली आहे. ती वाढते का, ते दरवर्षी तपासावं लागेल.”

“ठेवली? मी काय सांगितलं होतं तुम्हाला!”

“पेशंटनं वेगळं सांगितलं.”

“तिनं? तिला विचारलं कुणी?”

लग्न झाल्यापासून सासऱ्यांसमोर ‘हो बाबा’च्या पुढे न गेलेली ऋजुता म्हणाली,

“मी विचारलं, बाबा. आई बाहेर मोकळ्याच बसल्या होत्या.”

तात्पर्य: किती काढता येईल, हे कसबी हाताला कळतं; काय राखायचं, हे ज्याला त्यासह जगायचंय त्यालाच विचारावं.